‘शुद्ध’ म्हणजे नेमकं काय? भस्माच्या कसोट्या आणि तीन वेगवेगळे प्रश्न

काही महिन्यांपूर्वी माझ्या मावशीचा फोन आला. गुडघेदुखीसाठी तिला कुणीतरी ओळखीतून पुड्या आणून दिल्या होत्या. पांढऱ्या कागदाच्या साध्या पुड्या, त्यांवर औषधाचं नाव नाही, बनवणाऱ्याचं नाही. “अगं, भस्म आहे म्हणाले. एकदम शुद्ध. तू त्याच विषयात पीएचडी करतेस ना? मग सांग, घेऊ का?”

मी रसशास्त्राच्या ग्रंथांचा इतिहास अभ्यासते. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही आणि रसायनशास्त्रज्ञही नाही. मावशीला काय सांगितलं ते शेवटी लिहिते. पण तिच्या वाक्यातला ‘शुद्ध’ हा शब्द डोक्यात राहिला, कारण त्याच आठवड्यात मी माझ्या प्रकरणाच्या मसुद्यात एक वाक्य लिहिलं होतं: “खनिजांमधला विषारीपणा नाहीसा करण्याच्या पद्धती ग्रंथकारांनी शोधून काढल्या होत्या.” मार्गदर्शकांनी त्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल करून समासात एवढंच लिहिलं: “हे कुणी तपासलं? कशाने?”

आजची पोस्ट त्या दोन प्रश्नांबद्दल आहे. तुम्ही विज्ञानाच्या इतिहासात संशोधन करायची तयारी करत असाल, तर ही अडचण तुम्हालाही येणार आहे. जुन्या ग्रंथात एक कसोटी दिलेली असते. आपण ती वाचतो आणि आपल्या आजच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात शोधायला लागतो. ती कसोटी मुळात कुठल्या प्रश्नासाठी होती, हे बघायचं राहूनच जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी

धातू औषधात वापरणं ही रसशास्त्राने सुरू केलेली गोष्ट नाही. चरकसंहितेत लोखंडाचं रसायन आहे. लोखंडाचे तिळाइतके पातळ पत्रे करायचे, ते लालभडक तापवायचे आणि त्रिफळ्याचा काढा, गोमूत्र, क्षारांचं पाणी यांत विझवायचे. असं करत करत ते काळे आणि ठिसूळ झाले की त्यांचं चूर्ण करायचं. सुश्रुतसंहितेतली ‘अयस्कृती’ही जवळपास अशीच आहे. तिथे पत्र्यांना लवणांचा लेप देऊन ते गोवऱ्यांच्या आगीत तापवायचे आणि सोळा वेळा काढ्यात विझवायचे, मग चूर्ण करून घट्ट विणीच्या कापडातून गाळायचं असं सांगितलं आहे.

यात गूढ असं काही नाही. लोखंड तापलं की त्यावर खवल्यांसारखा थर येतो. एकदम थंड केलं की तो थर तडकून सुटतो. हे पुन्हा पुन्हा केलं तर अख्खा पत्रा हळूहळू खवल्यांत उतरतो. लोहाराच्या ऐरणीखाली पडलेला चुरा तुम्ही पाहिला असेल, तर ही प्रक्रिया निम्मी तुम्हाला माहीतच आहे.

पुढच्या शतकांत पारा मध्यभागी आला. ‘रस’ म्हणजे पारा, म्हणून रसशास्त्र. ‘रसहृदयतंत्र’, ‘रसार्णव’, सोमदेवाचा ‘रसेंद्रचूडामणी’ असे ग्रंथ झाले आणि साधारण तेराव्या शतकाच्या सुमारास, किंवा थोडं नंतर, ‘रसरत्नसमुच्चय’ आला. तो वाग्भटाच्या नावावर आहे, पण अष्टांगहृदय लिहिणारा वाग्भट हा नव्हे. नावात ‘समुच्चय’ आहे तो उगाच नाही. आधीच्या ग्रंथांतून, विशेषतः रसेंद्रचूडामणीतून, यात भरपूर घेतलेलं आहे. एकूण 30 अध्याय आहेत. पहिल्या 11 अध्यायांत खनिजं, धातू, रत्नं, प्रयोगशाळा, यंत्रं, मुशी आणि पुटं यांची माहिती आहे. पुढचे अध्याय रोगांच्या उपचाराचे.

हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने 1890 साली छापला, आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत 19 व्या क्रमांकावर. पुढे मुंबईत वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी आयुर्वेदीय ग्रंथमालेतून रसशास्त्राचे आणखी ग्रंथ संपादित करून आणले. छापील प्रत हातात आल्यावर वाचकवर्ग बदलतो, हे लक्षात ठेवा. गुरूच्या हाताखाली खल घोटणाऱ्या शिष्यासाठी जे लिहिलं होतं, ते आता खल कधीच न पाहिलेला माणूसही वाचू लागला.

एक गंमत जाता जाता. या ग्रंथांतली बरीचशी सामग्री मराठी घरात आणि बाजारात नावानिशी ओळखीची आहे. कासीस म्हणजे हिराकस, तुत्थ म्हणजे मोरचूद, टंकण म्हणजे टाकणखार, गैरिक म्हणजे गेरू. ‘मूषा’ म्हणजे सोनाराकडची मूस. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तर पोथ्यांतून आलेला आहे. चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन ते झाकत. म्हणजे औषध म्हणून ज्याच्या शोधनाची कृती लिहिली, तेच खनिज लिहिणाऱ्याच्या दौतीशेजारीही होतं, आणि ते आर्सेनिकचं खनिज आहे.

शोधन: बाहेर काय पडतं?

खनिज औषधात जाण्याआधी दोन मोठे टप्पे असतात. पहिला शोधन, दुसरा मारण. शोधन झालेल्या द्रव्याला ‘शुद्ध’ म्हणतात. मावशीचा शब्द मुळात इथला.

गंधकाचं उदाहरण घेऊ. लोखंडी पळीत तूप घालून गंधक मंद आगीवर वितळवायचा. भांड्यात दूध घेऊन त्याच्या तोंडावर कापड बांधायचं आणि वितळलेला गंधक त्यातून ओतायचा. गंधक दुधात पडून गोळा होतो. ग्रंथ सांगतो की दगड कापडावर राहतात आणि विष कोंड्यासारखं तुपात जातं.

यातली पहिली गोष्ट तुम्ही आज घरच्या ओट्यावरही बघू शकाल (करू नका, वास जात नाही). खडे, माती खरंच कापडावर राहते. दुसरी गोष्ट म्हणजे ‘विष तुपात जातं’. हे निरीक्षण आहे की सिद्धांत? तुपावर काहीतरी तरंगताना लेखकाला दिसलं असणार. ते ‘विष’ आहे हा त्याचा निष्कर्ष. संशोधकाने या दोन वाक्यांमध्ये रेघ मारायला शिकलं पाहिजे. ग्रंथात ती मारलेली नसते.

याहून चांगलं उदाहरण पाऱ्याचं आहे. पाऱ्याच्या दोषांची यादी ग्रंथात येते. त्यात विष, वह्नी आणि मल हे नैसर्गिक, म्हणजे पाऱ्याच्या अंगचे दोष आहेत. नाग आणि वंग हे यौगिक, म्हणजे बाहेरून आलेले. नाग म्हणजे शिसं, वंग म्हणजे कथील. पाऱ्यात हे दोन्ही सहज विरघळतात, त्यामुळे विकणाऱ्याला पारा वाढवायचा सोपा मार्ग सापडतो. दोषांच्या यादीत ही दोन नावं आहेत, म्हणजे बाजारातली भेसळ या लोकांना चांगली ठाऊक होती.

आणि उपाय काय? पातन. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, सांधा कापडमातीने बंद करून खालून आग द्यायची. पारा वाफ होऊन वरच्या गार मडक्याच्या आतल्या बाजूला जमतो. शिसं आणि कथील खाली राहतात, कारण त्या आगीत त्यांची वाफ होत नाही. हिंगुळापासून पारा काढण्याची कृतीही अशीच आहे, आणि तसा काढलेला पारा विशेष चांगला मानतात. रसायनशास्त्राच्या आजच्या अर्थानेही तो शुद्धच असतो. पण यादीतल्या पहिल्या दोषाचं, ‘विषा’चं काय? ग्रंथाच्या मते योग्य संस्कारांनी तोही जातो. आजच्या रसायनशास्त्राला इथे थांबावं लागतं. शिसं पाऱ्यापासून वेगळं करता येतं. पण पाऱ्याचा विषारीपणा ही पाऱ्यात मिसळलेली दुसरी वस्तू नव्हे, तो पाऱ्याचाच गुण आहे. पारा कुठल्या रूपात आहे आणि शरीरात किती शिरतो, त्यावर तो कमी-जास्त होतो, पण गाळून बाजूला काढता येत नाही.

म्हणजे एकाच यादीत दोन जातीचे दोष शेजारी शेजारी बसले आहेत. काही खरोखर वेगळे काढता येणारे, तर काही द्रव्याच्या स्वभावातलेच. ग्रंथ दोघांनाही ‘दोष’ म्हणतो आणि दोघे गेले की ‘शुद्ध’ म्हणतो. मसुद्यातलं माझं वाक्य नेमकं इथे घसरलं होतं.

पण घाईने उलट्या बाजूला जाऊ नका. या लोकांना धोका कळत नव्हता, असं म्हणता येत नाही. तांब्याबद्दल ग्रंथांत म्हटलंय की विषात एकच दोष असतो, तांब्यात आठ असतात, आणि त्या आठांत वांती, भ्रम, मूर्च्छा यांची नावं येतात. न शोधलेलं, अर्धवट मारलेलं द्रव्य दिलं तर काय होतं याची वर्णनं जवळपास प्रत्येक धातूसाठी आहेत. भीती होती, आणि या सगळ्या खटाटोपामागे तीच होती.

मारण: थर्मामीटर नसताना आग मोजायची कशी?

शोधन झालं की मारण. ‘मेलेला’ धातू म्हणजे ज्याचं धातूपण गेलं आहे असा. शोधलेलं द्रव्य वनस्पतीच्या रसात खलात घोटायचं (याला भावना म्हणतात), त्याच्या चकत्या करून उन्हात सुकवायच्या, दोन परळांच्या संपुटात ठेवायच्या, सांधा कापडमातीने बंद करायचा आणि गोवऱ्यांच्या खड्ड्यात भाजायचं. या भाजण्याला पुट म्हणतात.

पुटांची मापं वाचताना मला आधी कंटाळा यायचा. नंतर लक्षात आलं की इथेच सगळ्यात जास्त विचार केलेला आहे. तापमान मोजायचं साधन नाही, मग काय मोजता येईल? खड्डा आणि इंधन. महापुटासाठी दोन हात लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात संपुटाखाली 1000 रानशेणी आणि वर 500. गजपुट त्याहून लहान, त्यानंतर वराहपुट, कुक्कुटपुट, आणि कपोतपुटाला अवघ्या आठ गोवऱ्या. हत्तीपासून कबुतरापर्यंतची ही उतरंड म्हणजे आगीची मोजपट्टीच आहे. लोखंड, अभ्रक यांना मोठी आग लागते. पारा, हरताळ यांसारखी उडून जाणारी द्रव्यं तशा आगीत टिकणारच नाहीत, त्यांच्यासाठी वाळूचं यंत्र आणि मंद आच.

आजकाल अशा खड्ड्यांत तापमापक ठेवून मोजमापं घेतली गेली आहेत. मोठ्या पुटात पारा साधारण नऊशे-हजार अंश सेल्सियसच्या आसपास चढतो आणि मग सावकाश उतरतो. संपुट लगेच उघडायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं. यासाठीचा शब्द आहे ‘स्वांगशीत’. आज बऱ्याच ठिकाणी विजेच्या भट्ट्या वापरतात. तिथे कमाल तापमान गाठता येतं, पण चढण्या-उतरण्याचा तो वेग आपोआप येत नाही, ठरवून आणावा लागतो. तुम्ही कधी प्रयोग करून जुनी कृती पडताळणार असाल तर हा मुद्दा वहीत लिहून ठेवा.

अभ्रकाचं उदाहरण मला फार आवडतं. अभ्रकाचे पापुद्रे खलात कुटले तर सरकतात, बारीक होत नाहीत. म्हणून शोधलेल्या अभ्रकात चौथा हिस्सा साळी मिसळायच्या, कांबळ्यात बांधून ते गाठोडं तीन दिवस कांजीत भिजवायचं आणि मग दाबून चोळायचं. साळीच्या टोकदार कडांनी अभ्रक घासलं जातं आणि बारीक कण कांबळ्यातून कांजीत उतरतात. याला धान्याभ्रक म्हणतात. पुढे दहा, शंभर, हजार पुटं. ‘सहस्रपुटी’ म्हणजे रोज एक पुट धरलं तरी पावणेतीन वर्षं. प्रत्यक्षात किती जण हजारापर्यंत जात असतील, हा वेगळा आणि चांगला संशोधनप्रश्न आहे.

कसोट्या काय विचारतात?

आता मूळ मुद्द्याकडे. भस्म झालं हे कसं ओळखायचं? रसरत्नसमुच्चयाच्या आठव्या, परिभाषेच्या अध्यायात कसोट्यांच्या व्याख्या आहेत. एकेक बघू.

रेखापूर्ण: चिमटीत घेऊन चोळलं की भस्म बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे. हा बारीकपणाचा प्रश्न.

वारितर: पाण्यावर भुरभुरलं की तरंगलं पाहिजे. भस्म पाण्याहून जड असतं, तरी कण फार बारीक असले की पाण्याच्या पृष्ठताणावर ते तरतात. हाही बारीकपणाचाच प्रश्न. त्या तरंगत्या भस्मावर धान्याचा दाणा ठेवला आणि तोही तरला, तर आणखी उत्तम.

निश्चंद्र: उन्हात धरलं तर चमक दिसता कामा नये. ही मुख्यतः अभ्रकासाठी. चमक उरली म्हणजे पापुद्रे उरले.

अपुनर्भव: भस्म गूळ, गुंज, टाकणखार, मध आणि तूप यांच्याबरोबर मिसळून मुशीत फुंकून तापवायचं. धातू परत दिसला नाही तर भस्म ‘अपुनर्भव’.

निरुत्थ: भस्म चांदीबरोबर तापवायचं. ते चांदीला लागलं नाही तर पास. आज हे करताना चांदीचं आधीचं आणि नंतरचं वजन पाहतात.

अपुनर्भवाच्या कसोटीपाशी जरा थांबा. गूळ, मध, तूप जळून कोळसा होतो. कोळसा ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. टाकणखार तर सोनारही वापरतो, वितळलेला धातू एकत्र यावा म्हणून. म्हणजे भस्मातून धातू परत मिळवायचा हा पुरेपूर प्रयत्न आहे. ‘बघू, परत येतोस का’ असं धातूला आव्हान देऊन मग तो आला नाही तर पास. पास करायची इच्छा असणारा माणूस अशी कसोटी लावत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या लेखकांबद्दलचा आदर वाढला. अर्थात मुशीतली आग कमी पडली तर कच्चं भस्मही पास होऊ शकतं. कसोटी तितकीच कडक, जितकी तिची आग.

पण या पाचही कसोट्या पुन्हा वाचा. पुरेसं बारीक झालं का? धातूपण गेलं का? एवढंच त्या विचारतात. शिशाचं भस्म निरुत्थ ठरलं, याचा अर्थ त्यातून शिसं धातू म्हणून परत येत नाही. शिसं गेलं, असा अर्थ होत नाही. ते दुसऱ्या कशाशी तरी जोडलेल्या रूपात तिथेच आहे, आणि शिशाचा धोका ते धातूच्या रूपात असण्यावर अवलंबून नाही.

एक कसोटी मात्र वेगळी आहे. तांब्याचं भस्म दह्यात किंवा लिंबाच्या रसात ठेवून बघतात. हिरवी-निळी छटा आली तर भस्म कच्चं. आंबट पदार्थात तांबं विरघळतंय का, असा हा प्रश्न आहे. पोटातही आम्लच असतं. तांब्याने उलट्या होतात हे माहीत असलेल्या माणसांनी तांब्यासाठी नेमकी ही कसोटी ठेवली. ‘शरीरात काय होईल’ या आजच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारी जुनी कसोटी हीच आहे, असं मला वाटतं.

ग्रंथावर विश्वास किती ठेवायचा?

तुम्ही विचाराल, ज्या ग्रंथांत पाऱ्याने सोनं करण्याच्याही गोष्टी आहेत, त्यांतल्या कृती खऱ्या मानायच्या कशा? उत्तर सरसकट देता येत नाही, एकेक कृती तपासावी लागते. राजस्थानातलं जावर हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण.

रसक या खनिजातून ‘सत्त्व’ काढायची कृती रसरत्नसमुच्चयात आहे. खनिजात हळद, त्रिफळा, राळ, घरातली काजळी, टाकणखार अशी द्रव्यं मिसळायची, वांग्याच्या आकाराच्या, नळी लावलेल्या मुशीत भरायची आणि भट्टीत ठेवायची. ज्वाळेचा रंग निळ्याचा पांढरा झाला की ओळखायचं. जे सत्त्व मिळतं ते कथलासारखं चमकतं. हे जस्त. जस्त काढणं अवघड असतं, कारण त्या उष्णतेत त्याची लगेच वाफ होते आणि हवा लागली की तिचा पुन्हा ऑक्साइड होतो. म्हणून ती वाफ बंद नळीतून गार जागी न्यावी लागते.

उदयपूरजवळच्या जावरला 1980 च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून उत्खनन केलं. तिथे मध्ययुगीन भट्ट्या सापडल्या. एकेका भट्टीत 36 मुशी उलट्या लावलेल्या, आकाराने वांग्यासारख्या, खाली तोंड केलेली नळी असलेल्या. युरोपात जस्त काढण्याचं पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने 1738 साली घेतलं, त्याच्या कितीतरी आधीचं हे काम.

यावरून ग्रंथातलं सगळंच खरं ठरत नाही. एवढंच म्हणता येतं की मुशीचा आकार, ज्वाळेचा रंग, वापरायची द्रव्यं अशा हाताच्या कामाच्या बाबतीत हे लेखक प्रत्यक्ष कामाच्या जवळ होते. परिणामांबद्दलचे दावे, जसं की म्हातारपण जाईल, सगळे रोग बरे होतील, हे वेगळ्या खात्यात टाकावे लागतात.

दुसरा प्रश्न आणि तिसरा प्रश्न

धातू परत येतो का, हा झाला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला: हे नेमकं कुठलं संयुग आहे? आचार्य प्रफुल्लचंद्र रे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि स्वतः पाऱ्याच्या संयुगांवर काम करत होते. हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड 1902 साली आला. रसार्णव, रसरत्नसमुच्चय असे ग्रंथ त्यांनी रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने वाचले. पारा-गंधकाच्या रससिंदूराला या भाषेत मर्क्युरिक सल्फाइड म्हणतात. हाताने काम करणारे आणि ग्रंथ लिहिणारे यांची जातिव्यवस्थेने ताटातूट केली आणि त्यात विज्ञानाचं नुकसान झालं, असंही त्यांनी त्याच पुस्तकात मांडलं. खल घोटणाऱ्याचं ज्ञान ग्रंथात किती उतरलं, हा प्रश्न तिथून आजही पुढे नेता येतो.

तिसरा प्रश्न आपल्या काळाचा आहे: पोटात गेल्यावर रक्तात किती उतरतं आणि त्याने काय होतं? 2004 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास आला. 14 उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. 2008 साली त्याच गटाने इंटरनेटवरून मागवलेली 193 उत्पादनं तपासली. त्यांत 20.7 टक्क्यांत हे धातू होते, रसशास्त्राच्या औषधांत 40.6 टक्के आणि बाकीच्यांत 17.1 टक्के. हे आकडे वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. रसशास्त्राच्या औषधात धातू हेतुपुरस्सर घातलेला असतो, तो सापडला यात नवल नाही. तो कुठल्या रूपात आणि किती आहे, हा प्रश्न. पण निव्वळ वनस्पतींच्या औषधात तो सापडला, तर प्रश्न भेसळीचा, मातीचा किंवा कारखान्याचा. भारत सरकारने 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिजन्य औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची केली, ती या दुसऱ्या प्रश्नासाठी.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. 1940 च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाण ग्रंथांची यादी आहे आणि तीत रसरत्नसमुच्चय आहे. त्यातल्या कृतीप्रमाणे आजही परवान्याने औषध बनवता येतं. ‘ई-1’ अनुसूचीत पारा, हरताळ, मनशीळ अशी विषारी द्रव्यं आहेत, आणि ती घातलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापावा लागतो. म्हणजे तुम्ही-आम्ही त्या श्लोकांचा अर्थ कसा लावतो, हे फक्त परिसंवादापुरतं उरत नाही.

तुमच्या वहीसाठी

जुनी कृती वाचताना मी आता वहीत तीन रकाने करते. पहिल्यात ग्रंथ काय करायला सांगतो. दुसऱ्यात ती पायरी गाळली तर प्रत्यक्षात काय बिघडेल. तिसऱ्यात या पायरीने काय झालं असं ग्रंथ म्हणतो. गंधक, पारा, अभ्रक, प्रत्येकाचा दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवला की कुठे जुळतंय आणि कुठे नाही हे दिसतं. कसोटी असेल तर तिच्याखाली एक ओळ: ही कसोटी नापास व्हायची असेल तर काय व्हायला हवं? कसोटीचा खरा प्रश्न तिथे कळतो.

दोन मोहांपासून सावध राहा. ‘हजारो वर्षं वापरतात म्हणजे सुरक्षित’ हा एक. हळूहळू साठत जाणाऱ्या शिशाचा परिणाम आणि औषध यांचा संबंध रक्ततपासणीशिवाय लागणं कठीण असतं, त्यामुळे दीर्घ वापर हा तिसऱ्या प्रश्नाचा पुरावा होत नाही. ‘सगळी अंधश्रद्धा’ हा दुसरा मोह. धातू परत आणायचा प्रयत्न करून मग भस्माला पास करणाऱ्या माणसांना तो शब्द लागू पडत नाही. त्यांनी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर काळजीपूर्वक शोधलं. आपला प्रश्न त्यांना विचारलेलाच नव्हता.

मावशीला मी सांगितलं की पुड्या घेऊ नकोस, घेतल्या असतील तर डॉक्टरांना दाखव आणि रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचार. वैद्यांकडे जायचंच असेल तर नोंदणी असलेल्यांकडे जा आणि नाव, परवाना, इशारा छापलेलंच औषध घे. ती जरा नाराज झाली. “म्हणजे ते शुद्ध नाही का?” असं दोनदा विचारलं. नाव नसलेल्या पुडीबद्दल मला ते सांगता येत नव्हतं, आणि तेच मी सांगितलं.

मसुद्यातलं वाक्य मात्र बदललं. आता ते असं आहे: “धातू पुन्हा धातुरूपात येत नाही याची खात्री करण्याच्या कडक कसोट्या ग्रंथकारांकडे होत्या, भस्म शरीरात गेल्यावर काय होतं हे त्या कसोट्या तांब्याचा अपवाद सोडता विचारत नाहीत.” आधीच्यापेक्षा लांब आहे आणि कमी रुबाबदार आहे. मार्गदर्शकांनी त्यावर अजून गोल केलेला नाही.